जामखेडच्या नोंदवह्या

विद्वानांची थोरवी मोजण्याची मापे काळागणिक बदलत आली आहेत. एके काळी शास्त्र्याची योग्यता वादसभेत ठरे. पुढे ती पदव्यांवरून ठरू लागली. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला एक निराळेच माप लागू झाले. संशोधकाने किती निबंध प्रसिद्ध केले, आणि त्या निबंधांचा आधार इतरांनी आपल्या लेखनात किती वेळा घेतला, हे ते माप होय. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी यूजीन गारफील्ड नावाच्या गृहस्थाने १९६४ च्या सुमारास शास्त्रीय संदर्भांची एक प्रचंड सूची छापून काढली. कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढे कोणी कोठे केला, हे तीत पाहता येई. गारफील्डचा मूळ हेतू ग्रंथपालाचा होता. वाचकास एका निबंधावरून दुसऱ्याकडे जाण्याची वाट सापडावी, एवढाच. पण वाटेवरच्या पाट्या मोजून गावाची श्रीमंती ठरवावी, तसा त्या सूचीचा उपयोग लवकरच होऊ लागला. २००५ साली जॉर्ज हिर्श या पदार्थविज्ञानवेत्त्याने तर संशोधकाची सारी कमाई एका आकड्यात सांगण्याची युक्ती काढली. ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी निदान वीस वेळा उल्लेख झाला असेल, त्याचा आकडा वीस.

ही मापे हाती घेऊन कोणी डॉ. रजनीकांत आरोळे यांच्या लेखनाची मोजदाद करू लागला, तर त्याचा थोडा गोंधळ उडेल. त्यांच्या नावावरील निबंधांची यादी लांबलचक नाही. त्यातील सर्वांत गाजलेला लेख कोणत्याही नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आलेला नसून तो एका संकलित ग्रंथातील एक प्रकरण आहे. त्याच्या आधीचा लेख एका लहानशा पत्रिकेत आलेला. सर्वांत मोठे लेखन म्हणजे पत्नीसमवेत लिहिलेले एक पुस्तक. असले लेखन सूचीकारांच्या जाळ्यात नीटसे सापडत नाही. असे असूनही १९७० नंतरच्या अर्धशतकात ग्रामीण आरोग्याविषयी जगात जे काही लिहिले गेले, त्यात जामखेड हे नाव टाळून पुढे जाणे कठीण झाले. हे कसे घडले, आणि ज्या आकड्यांच्या आधारावर ते नाव पुनःपुन्हा उच्चारले गेले ते आकडे कितपत पक्के होते, हा इतिहास पाहण्यासारखा आहे.

रजनीकांतांचा जन्म १० जुलै १९३४ रोजी राहुरीस झाला. मुळा नदीच्या परिसरातील हे गाव पुढे उसासाठी आणि १९६८ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठासाठी प्रसिद्ध झाले. त्या काळी ते अहमदनगर जिल्ह्यातील तालुक्याचे एक साधे ठिकाण होते. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले.) रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांचे वास्तव्य काही काळ येथे होते, हे मराठी वाचकांस ठाऊक असेलच. आरोळ्यांचे घर शिक्षकांचे. आई लीलावती प्राथमिक शाळेत शिकवीत. वडील शंकरराव हायस्कुलात शिक्षक असून पुढे मुख्याध्यापक व अखेरीस शाळा-तपासनीस झाले. सात भावंडांचे ते कुटुंब. हजेरीपट, गुणपत्रक आणि शेरेबुक ही ज्या घरची रोजची भाषा, त्या घरातील मुलाला पुढे खेड्याखेड्यांतून नोंदी ठेवण्याचे महत्त्व कोणी निराळे शिकवावे लागले नसेल.

वैद्यकाचे शिक्षण त्यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात घेतले. तेथेच मेबल इमॅन्युएल या त्यांच्या सहाध्यायिनी होत्या. त्यांचा जन्म जबलपूरचा. वडील ख्रिस्ती धर्मशिक्षणसंस्थेत ग्रीक भाषेचे अध्यापक. १९६० साली दोघांचा विवाह झाला, आणि खेड्यातील उपेक्षितांच्या सेवेत आयुष्य वेचावयाचे असा निश्चय त्यांनी विवाहाच्या वेळीच केला. असे निश्चय तरुणपणी पुष्कळ जण करतात. या जोडप्याच्या बाबतीत विशेष हा, की त्या निश्चयाचा फोलपणा कोठे आहे हेही त्यांनी पुढे लवकरच तपासून पाहिले.

१९६२ पासून सुमारे चार वर्षे ती दोघे नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात होती. रुग्णांची रीघ लागे, शस्त्रक्रिया यशस्वी होत, नावलौकिक वाढे. परंतु बरे होऊन गेलेली मुले तोच अतिसार, तीच कुपोषणाची कळा घेऊन पुन्हा दाराशी येत. बहुतेक रोग टाळता येण्याजोगे होते, आणि ते जेथे उत्पन्न होत त्या घरांपर्यंत रुग्णालयाचा हात पोहोचत नव्हता. एवढे काम करून पंचक्रोशीतील रोग तसूभर तरी कमी झाला काय, या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले. चालत्या रुग्णालयातील यशस्वी डॉक्टराने स्वतःस हा प्रश्न विचारणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही.

त्यानंतर दोघे अमेरिकेस गेले. तेथे रुग्णालयांतील उच्च शिक्षण झाल्यावर त्यांनी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. प्राध्यापक कार्ल टेलर हे तेथील त्यांचे गुरू. कोणत्याही उपक्रमास हात घालण्यापूर्वी गावाची स्थिती आकड्यांत लिहून ठेवावी, म्हणजे पुढे आपण काय केले हे स्वतःस फसविल्यावाचून पाहता येते, हे त्या शिक्षणाचे सार होय.

१९७० साली परत येऊन त्यांनी जामखेड निवडले. राहुरी आणि जामखेड ही एकाच जिल्ह्यातील गावे. पण एकीकडे कालव्याचे पाणी व उसाचे मळे, तर दुसरीकडे बालाघाटाच्या डोंगरकुशीत अवर्षणाने होरपळलेला प्रदेश. जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत त्यांचा दवाखाना सुरू झाला, आणि लगोलग १९७१ ते १९७३ चा तो भीषण दुष्काळ आला. गावकऱ्यांस काय हवे असे विचारता उत्तर मिळे, अन्न आणि पाणी. औषधाचे नाव त्यात नसे. तेव्हा लहान मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे चालविण्यात आली, कूपनलिका खोदण्यात आल्या. आणि त्या शक्यतो दलित वस्तीत घ्याव्यात अशी योजना केली गेली. पाण्याच्या ओढीने सारे गाव त्या वस्तीत येऊ लागले. जे व्याख्यानांनी साधले नसते ते हातपंपाने थोडेसे साधले.

आरोग्याच्या कामात पहिला बेत मात्र फसला. शिकलेल्या परिचारिका खेड्यात नेऊन ठेवल्या. परंतु त्या तरुण मुलींस तेथे एकटे राहणे अवघड जाई, आणि परक्या मुलीचे म्हणणे गावातील सासवा मनावर घेत नसत. मग गावातीलच एखादी प्रौढ, पोक्त बाई निवडून तिला शिकवावे असे ठरले. निवडलेल्या बाया बहुधा निरक्षर होत्या. कित्येक दलित वा अन्य उपेक्षित जातींतील, कित्येक विधवा अथवा टाकून दिलेल्या. आठवड्यातून ठराविक दिवशी त्या जामखेडास येत, एक एक विषय तोंडी शिकत आणि परत जाऊन घरोघर सांगत. गरोदर स्त्रीने काय खावे, जुलाब लागलेल्या मुलास पाणी तोडू नये तर साखर-मिठाचे पाणी पाजीत राहावे, टोचून केव्हा घ्यावे, चट्टा दिसताच महारोगाची शंका कशी घ्यावी. आठ-दहा गावांत सुरू झालेले हे काम पुढे सुमारे सत्तर गावांत पसरले. तरुण शेतकऱ्यांची मंडळे व महिला मंडळे निघाली. मुलांची वजने करण्यास आणि गावाची पाहणी करण्यास तीच पुढे येत.

या पाहणीतून जे आकडे हाती आले, तेच पुढे जगभर गेले. १९७१ साली कामाच्या आरंभी दर हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. १९७६ साली हा आकडा ५२ वर आला. जन्माचे प्रमाण हजारी ४० होते ते ३४ झाले. असले आकडे वाचून पुढे जाण्याची आपल्याला सवय असते. म्हणून ते एका गावापुरते मांडून पाहावेत. हजार वस्तीचे गाव घेतले तर पूर्वी तेथे वर्षाकाठी चाळीस पाळणे हलत, आणि त्यांपैकी सात वर्षाच्या आत रिकामे होत. पाच वर्षांनंतर चौतीस पाळणे हलू लागले, आणि रिकामे होणारे दोनच राहिले. याच काळात साऱ्या भारताचा बालमृत्यूचा आकडा १३० च्या आसपास जवळजवळ जागच्या जागी होता, हे ध्यानी घेतले म्हणजे या घटीचे मोल कळते.

येथे नोंदीच्या शास्त्रातील एक खोच सांगितली पाहिजे. खेड्यात जन्मून चार दिवसांत गेलेल्या मुलाची नोंद बहुधा होतच नसे. बारसे झाले नाही, नाव ठेवले नाही, मग लिहावयाचे काय? ज्या गावी जागरूक बाई घरोघर जाऊ लागते, त्या गावी अशी लपलेली मरणे उजेडात येतात, आणि मृत्यूचे प्रमाण आरंभी वाढल्यासारखे दिसते. म्हणजे चांगले काम करणाऱ्याचा आकडा प्रथम वाईट दिसतो, आणि निष्काळजी माणसाचा चांगला. जामखेडचा आकडा असा कडक पहारा असताना उतरला, ही जमेची बाजू. उलट बाजू अशी, की आरंभीची पाहणी थोड्याच गावांची होती, आणि लहान संख्येत दोन-चार मृत्यूंच्या फरकाने प्रमाण खालीवर होते.

जामखेडचा वृत्तांत प्रथम बाहेर गेला तो १९७२ साली, जिनिव्हा येथील ख्रिस्ती वैद्यकीय आयोगाच्या 'काँटॅक्ट' नावाच्या पत्रिकेतून. हा आयोग १९६८ साली स्थापन झालेला. मिशन रुग्णालयांचा पैसा मूठभर लोकांच्या उपचारांत संपतो आणि भोवतालचा समाज होता तेथेच राहतो, ही टोचणी त्याच्या चालकांसही लागली होती. योगायोग असा, की जागतिक आरोग्य संघटनेचे मुख्य कार्यालय त्याच शहरात, या आयोगाच्या कचेरीपासून दूर नव्हते. १९७३ साली हाफडान मालर हे डॅनिश डॉक्टर संघटनेचे महासंचालक झाले. भारतात क्षयरोगाच्या कामावर त्यांची बरीच वर्षे गेली होती, त्यामुळे खेडे त्यांना कागदावरून शिकावे लागले नव्हते. १९७४ साली दोन्ही संस्थांची बोलणी झाली, आणि १९७५ साली संघटनेने केनेथ न्यूएल यांच्या संपादकत्वाखाली 'हेल्थ बाय द पीपल' हा ग्रंथ काढला. चीन, क्यूबा, टांझानिया, ग्वाटेमाला, इराण अशा देशांतील प्रयोगांच्या रांगेत जामखेडचे प्रकरण त्यात छापले गेले. क्रांती होऊन गेलेल्या विशाल राष्ट्रांच्या शेजारी, पावसाची वाट पाहणारा नगर जिल्ह्यातील एक तालुका!

तीन वर्षांनी, सप्टेंबर १९७८ मध्ये, सोव्हिएत संघातील अल्मा-आटा येथे १३४ देशांच्या सरकारांचे प्रतिनिधी जमले आणि प्राथमिक आरोग्यसेवेची सुप्रसिद्ध घोषणा झाली. त्या घोषणेमागील विचार ज्या थोड्या प्रयोगांतून घडला, त्यांत जामखेड अग्रभागी होते. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

इतके झाल्यावर उल्लेखांची लाट येणे स्वाभाविक होते. पण उल्लेख होणे निराळे आणि वाचले जाणे निराळे. याचे उदाहरण घरचेच आहे. २ ऑक्टोबर १९७७ रोजी भारत सरकारने गावोगाव आरोग्य कार्यकर्ते नेमण्याची योजना सुरू केली. देशातील ज्या स्वयंसेवी प्रयोगांच्या यशाने अशा योजनेस धीर दिला, त्यांत जामखेडचे नाव घेतले जाई. प्रत्यक्षात जे कार्यकर्ते निवडले गेले त्यांत बहुसंख्य पुरुष होते. त्यांना अल्पकाळ शिकवून एकदम गावी धाडण्यात आले. जामखेडच्या वृत्तांताचा कणा होता तो असा, की बाईच बाईच्या चुलीपाशी जाऊ शकते, आणि तिचे शिक्षण आठवड्यामागून आठवडे चालूच राहिले पाहिजे. नेमका तो कणाच गळाला. योजना पुढे नावे बदलत क्षीण झाली. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' म्हणून जी नेमली गेली, ती मात्र गावातील स्त्रीच होती. मधली अठ्ठावीस वर्षे संदर्भसूचींत जामखेड सन्मानाने वावरत होते, ही गोष्ट उल्लेखांच्या मोजणीवर अतिविश्वास ठेवणाऱ्यांनी विचारात घ्यावी.

शास्त्राच्या कसोटीचा प्रश्न अद्याप उरतोच. जामखेडचे आकडे 'पूर्वी' आणि 'नंतर' अशा तुलनेचे होते. शेजारची, काम न झालेली गावे घेऊन तीच नोंद तितक्याच काटेकोरपणे ठेवली नव्हती. दुष्काळ सरला, पाऊस बरा झाला, रस्ते आले, यामुळेही मृत्यू घटले नसतील कशावरून, असे कोणी विचारल्यास त्यास वेडगळ म्हणता येणार नाही. महाराष्ट्रातील दोन कामे येथे ताडून पाहण्याजोगी आहेत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर 'प्राझोसिन' या औषधाचा उपयोग दाखविला आणि १९८६ साली तो लंडनच्या 'लॅन्सेट' नियतकालिकात प्रसिद्ध केला. तेथे रोग एक, औषध एक, परिणाम काही तासांत दिसणारा; तो चार पानांत मांडता येतो. गडचिरोलीस डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी काम आरंभले तेव्हा जामखेडचा धडा समोर होता. नवजात बालकांविषयीचा त्यांच्या कार्याचा निबंध १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला, त्यात काम केलेली ३९ गावे आणि तुलनेसाठी राखलेली ४७ गावे असे सरळ दोन भाग होते, आणि नवजात मृत्यूंत सुमारे ६२ टक्के घट दाखविली होती. त्या निबंधाशी टीकाकारास वाद घालणे अवघड गेले. जामखेडच्या पद्धतीत हे साधणे कठीण होते. कारण तेथे पाणी, धान्य, जात, स्त्रीची गावातील पत आणि औषध यांची मोट एकत्र बांधलेली. त्यांतील कोणत्या धाग्याने मूल वाचले हे सुटे करून कसे दाखवावे? तरीही शेजारची काही गावे आरंभापासून निव्वळ नोंदीसाठी धरली असती तर पुढचा पुष्कळसा वाद वाचला असता, असे म्हणावेसे वाटते. अर्थात् ज्या गावांना काही द्यावयाचे नाही, तेथे दुष्काळात जाऊन केवळ मेलेली मुले मोजून परत येणे, हे १९७२ साली कोणत्या तोंडाने करावयाचे, हाही प्रश्न आहेच.

ही उणीव अखेर परक्यांनी भरून काढली. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मुखपत्रात व्हेरा मान व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी जामखेडच्या कार्यक्षेत्रातील गावे आणि त्याच भागातील कार्यक्षेत्राबाहेरील गावे निवडून, तेथील बायकांकडून त्यांच्या मुलांच्या जन्ममृत्यूंचा मागील वृत्तांत मिळविला आणि दोहोंची तुलना केली. कार्यक्षेत्रातील गावांत पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. पहिल्या पाच वर्षांतील त्या डोळे दिपविणाऱ्या घटीपुढे हा आकडा लहान वाटेल. पण त्या चाळीस वर्षांत सरकारी लसीकरण, रस्ते, शाळा हे सारे शेजारच्या गावांतही पोहोचले होते. इतके असूनही उरलेला तो फरक होता. आपल्या कामाची ही त्रयस्थ तपासणी रजनीकांतांना हयातीत पाहता आली. मे २०११ मध्ये ते वारले. मेबलबाई त्यापूर्वीच, १९९९ साली, गेल्या होत्या.

ज्यांच्या पायपिटीतून हे आकडे जमले त्या बायांची नावे कोणत्याही संदर्भसूचीत नाहीत. अपवाद म्हणून मुक्ताबाई पोळ यांचा प्रसंग पुष्कळांच्या स्मरणात आहे. १९८८ साली वॉशिंग्टन येथील एका आरोग्यपरिषदेत जामखेडच्या या कार्यकर्तीने सभागृहातील झगमगत्या झुंबरांकडे बोट दाखवून, आपली तुलना वातीच्या साध्या दिव्याशी केली. असा दिवा स्वस्त असतो आणि त्यावरून दुसरा लावता येतो, असा तिचा आशय होता. तो प्रसंग आरोळे दांपत्याच्या 'जामखेड' या १९९४ साली लंडनच्या मॅकमिलनने काढलेल्या ग्रंथात आला आहे. त्यात फसलेले बेत, परत गेलेल्या परिचारिका, विरोध करणारे पुढारी हे सर्व स्वच्छ सांगितलेले असल्यामुळे संशोधकांप्रमाणेच खेड्यात काम करू पाहणाऱ्यांनाही तो उपयोगी पडला.

२०१९ साली हेन्री पेरी व जॉन रोड यांनी अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख नियतकालिकात जामखेड व अल्मा-आटा यांच्या नात्याचा पुन्हा मागोवा घेतला. असल्या निबंधांच्या शेवटी सूचीकारांच्या रीतीने नावे आखडून 'आरोळे एम., आरोळे आर.' असे लिहितात. परदेशी वाचकास त्यांतील नवरा कोण, बायको कोण हे कळावयाचे नाही. १९७५ च्या प्रकरणावर आणि १९९४ च्या ग्रंथावर, दोन्ही ठिकाणी, मेबलबाईंचे नाव आधी छापलेले आहे.